घरचा दिवस आणि जगाची बातमी : क्रिस्टा वोल्फ यांच्या 'श्टोरफाल'चे वाचन

१. प्रश्न काय आहे?

एखादी मोठी बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होता, असे कुणी विचारले तर बहुतेकांना उत्तर लगेच सुचते. तुमच्या पिढीला २४ मार्च २०२० ची रात्र आठवत असेल. रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी देशभर २१ दिवसांची टाळेबंदी जाहीर केली. त्या वेळी घरात कोण कोण होते, दूध आणि किराणा आणायला कोण धावले, ताटात काय वाढले होते, हे अनेकांच्या लक्षात आहे. त्याच्या आधीच्या मंगळवारी रात्री काय जेवलात, ते मात्र सांगता येणार नाही. म्हणजे बातमीमुळे घरचा एक साधा दिवस विसरला जाण्यापासून वाचला.

साहित्यात अशा दिवसांचे लेखन बरेच आढळते. फ्रान्ट्स काफ्का यांच्या रोजनिशीतली २ ऑगस्ट १९१४ ची नोंद इतकी छोटी आहे की तिच्यात दोनच गोष्टी मावतात : जर्मनीने रशियाविरुद्ध पुकारलेले युद्ध आणि दुपारचे पोहणे. दोन्हींमध्ये काही नाते आहे असे काफ्का सांगत नाहीत. नात्याचा हा अभाव वाचणाऱ्याला आजही अस्वस्थ करतो.

अशा लेखनात दोन धोके असतात. पहिला, घर हे बातमीचे नेपथ्य होऊन बसते. आई पोळ्या लाटत होती, इतक्यात रेडिओवर बातमी आली, आणि पुढे आईही नाही, पोळ्याही नाहीत. दुसरा धोका याच्या उलट आहे. घरच्या साध्या गोष्टीला वजन यावे म्हणून जगाचे दुःख उसने आणले जाते. म्हणून अशी कृती वाचताना एक कसोटी हाताशी ठेवावी : घर आणि बातमी यांना त्या दिवशी जेवढे वजन होते, तेवढे लेखकाने राखले आहे का?

या टिपणात ही कसोटी आपण एका कादंबरीला लावू. जर्मन लेखिका क्रिस्टा वोल्फ (१९२९–२०११) यांची 'श्टोरफाल' १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली. चेर्नोबिलची बातमी आणि एका बहिणीचा साधा दिवस ती शेजारी शेजारी ठेवते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी ती वाचावी असे मला वाटते, आणि वाचून तिच्याशी वाद घालावा असेही वाटते. साहित्याच्या विद्यार्थ्यांना तिच्यातली भाषा अधिक जवळची वाटेल. दोघांनाही उपयोग व्हावा अशा बेताने पुढची मांडणी केली आहे.

२. घटना आणि कथानक

आधी घटना पाहू. २६ एप्रिल १९८६ च्या पहाटे, स्थानिक वेळेनुसार १ वाजून २३ मिनिटांनी, तेव्हाच्या सोव्हिएत युक्रेनमधील चेर्नोबिल अणुवीज केंद्राच्या चौथ्या अणुभट्टीत स्फोट झाला. अणुभट्टी बंद करताना एक चाचणी घ्यायची होती. वीजपुरवठा तुटला तर थांबत चाललेल्या टर्बाइनच्या उरलेल्या फिरण्यातून पंपांना काही काळ वीज मिळेल का, हे पाहायचे होते. म्हणजे चाचणी सुरक्षिततेसाठीच होती. २८ एप्रिलला सकाळी, हजाराहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या स्वीडनमधील फोर्समार्क अणुवीज केंद्रात किरणोत्सर्गाची अनपेक्षित नोंद झाली. आपल्या केंद्रात गळती नाही अशी खात्री करून घेतल्यावर तिथल्या लोकांनी बाहेर शोध सुरू केला. त्या रात्री सोव्हिएत दूरचित्रवाणीवर एक त्रोटक निवेदन वाचले गेले. जगाला बातमी कळली ती अशी, दोन दिवस उशिरा आणि वाऱ्याच्या मार्गाने.

कादंबरीत हा स्फोट कुठेही 'दाखवलेला' नाही. निवेदिका लेखिका आहे. ती तेव्हाच्या पूर्व जर्मनीत, मेक्लेनबुर्ग भागातल्या एका खेड्यात एकटी राहते आहे. अपघाताला थोडे दिवस झाले आहेत. वसंत ऋतू आहे आणि बाग फुलली आहे. त्याच दिवशी दूरच्या शहरातल्या रुग्णालयात तिच्या भावाच्या मेंदूतली गाठ काढायची शस्त्रक्रिया चालू आहे. ती सकाळी उठते, न्याहारी करते, बागेत काम करते, शेजाऱ्यांशी बोलते, मुलींशी फोनवर बोलते, रेडिओ लावते आणि बंद करते. सगळे निवेदन भावाला उद्देशून आहे, आणि भाऊ तर भूल दिलेल्या अवस्थेत आहे. दिवसभराने फोन येतो की शस्त्रक्रिया नीट पार पडली. रात्री ती जोसेफ कॉनरॅड यांची 'हार्ट ऑफ डार्कनेस' वाचते आणि झोपते.

कथानक एवढेच. यात धावपळ नाही, कुणाची सुटका नाही, खलनायकही नाही. आहे ती वाट पाहणे. घरात कुणाची शस्त्रक्रिया असली की बाकीची माणसे घरी काय करतात ते तुम्ही पाहिले असेल. ती भांडी घासतात, कपडे वाळत घालतात, फोन चार्जिंगला आहे ना ते पुन्हा पुन्हा पाहतात. कामाकडे लक्ष नसते, पण कामावाचून वेळही जात नाही. वोल्फ यांनी हा वेळ नेमका पकडला आहे.

३. शीर्षक काय सांगते

'श्टोरफाल' हा जर्मन अणुउद्योगाचा आणि नियमावल्यांचा शब्द आहे. त्याचा अर्थ साधारण असा : कामकाजात आलेला असा व्यत्यय, की ज्यामुळे यंत्रणा चालू ठेवता येत नाही, मात्र तो येऊ शकतो हे गृहीत धरून संरचना केलेली असते. त्यापलीकडच्या, संरचनेच्या आवाक्याबाहेरच्या घटनेसाठी जर्मनमध्ये अपघात या अर्थाचा वेगळा शब्द आहे. चेर्नोबिलला 'श्टोरफाल' म्हणणे म्हणजे इमारत कोसळल्यावर 'भिंतीला ओल आली होती' असे कळवण्यासारखे आहे. कार्यालयीन भाषेतला हा सौम्य शब्द कादंबरीवर नाव म्हणून लावण्यातच वोल्फ यांची टीका आहे.

इंग्रजी भाषांतरात शीर्षक 'ॲक्सिडेंट' झाले आणि हा उपरोध बराचसा हरवला. मराठीत आपल्याकडे बिघाड, अपघात, दुर्घटना असे शब्द आहेत. 'बिघाड' घेतला तर उपरोध टिकतो, कारण बिघाड मिक्सरमध्येही होतो आणि फिडरवरही. यंत्रणेतल्या माणसांनी वापरलेला शब्द आणि लोकांच्या वाट्याला आलेली गोष्ट यांतले अंतर त्या शब्दात ऐकू येते. पुढे तुम्ही कधी तांत्रिक अहवाल लिहाल तेव्हा हे अंतर ध्यानात ठेवा. शब्द अचूक असूनही अपुरा असू शकतो.

उपशीर्षकाचा अर्थ 'एका दिवसाच्या बातम्या' असा आहे. इथे वापरलेल्या जर्मन शब्दात वर्तमानपत्रातली बातमीही येते आणि माणसाने माणसाला पाठवलेला निरोपही येतो. आपल्याकडे त्यासाठी बातमी, निरोप, खुशाली असे वेगवेगळे शब्द आहेत. कादंबरीत रेडिओवरून बातमी येते आणि फोनवरून खुशाली. दोन्हींसाठी निवेदिका कान लावून बसलेली आहे. एका यंत्रातून जग बोलते, दुसऱ्यातून घर बोलते, आणि कोणते आधी बोलेल हे तिला ठाऊक नाही. घर आणि जग एकत्र आणण्यासाठी वोल्फ यांना योगायोग रचावा लागलेला नाही. एका खोलीत दोन उपकरणे असणे पुरते.

४. आठवण आणि काळ

तंत्राच्या दृष्टीने या कादंबरीतली सर्वांत विचार करण्यासारखी गोष्ट म्हणजे क्रियापदाचा काळ. सुरुवातीलाच निवेदिका सुचवते की या दिवसाबद्दल वर्तमानकाळात लिहिणे तिला जमणार नाही. मग ती पूर्ण भविष्यकाळ वापरते : झाडे फुललेली असतील, मी अमुक टाळलेले असेल, अशा वळणाचा.

मराठीतही आपण हे रूप वापरतो, आणि त्याचा उपयोग भविष्य सांगण्यापेक्षा अंदाज करण्यासाठी जास्त करतो. 'तो एव्हाना घरी पोचला असेल.' 'मी तेव्हा चहा घेत बसलो असेन.' जर्मनमध्येही या रूपाला अंदाजाची छटा आहे. गेलेल्या दिवसाबद्दल असे बोलणे म्हणजे 'हे असे झाले' असा दावा न करता 'असे झाले असणार' एवढेच म्हणणे होय. वोल्फ यांनी ही कादंबरी १९८६ च्या जून ते सप्टेंबर या महिन्यांत लिहिली. म्हणजे दिवस आणि लेखन यांत अंतर होते, आणि ते अंतर त्यांनी लपवले नाही.

हा केवळ शैलीचा खेळ का मानू नये, हे समजण्यासाठी मानसशास्त्राकडे वळू. १९७७ मध्ये रॉजर ब्राउन आणि जेम्स कुलिक यांनी अशा आठवणींना 'फ्लॅशबल्ब' आठवणी हे नाव दिले. मोठी, धक्कादायक बातमी ऐकतानाचा क्षण कॅमेऱ्याच्या झोतात टिपल्यासारखा मनात राहतो, अशी ती कल्पना. उलरिक नायसर यांना ती पटली नाही. त्यांनी स्वतःचेच उदाहरण दिले. ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरवर हल्ला झाला, तेव्हा आपण रेडिओवर बेसबॉलचा सामना ऐकत होतो, असे त्यांना वर्षानुवर्षे स्पष्ट आठवत होते. मग एकदा लक्षात आले की डिसेंबरमध्ये बेसबॉलचे सामने होतच नाहीत.

पुढे २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी नष्ट झाले. दुसऱ्याच दिवशी नायसर आणि निकोल हार्श यांनी अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घेतली : बातमी कुठे ऐकली, कुणाकडून, काय करत होता. सुमारे अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. ११ जणांचे उत्तर मुख्य तपशिलांत पूर्णपणे चुकले. अगदी बरोबर उत्तर देणारे फक्त तिघे होते. तरीही बहुतेकांना आपल्या आठवणीची चांगलीच खात्री होती. स्वतःच्या हस्ताक्षरातला जुना कागद दाखवल्यावरही खरी आठवण परत आली नाही.

याचा आपल्या कसोटीशी थेट संबंध आहे. बातमी आठवणीला वाचवते खरी, पण वाचवता वाचवता तिला आपल्या मापाचे कपडेही घालते. घरचे जे तपशील बातमीला शोभतील ते राहतात, बाकीचे गळतात किंवा बदलतात. म्हणून 'मला जसेच्या तसे आठवते' अशा सुरात लिहिलेल्या लेखनाकडे थोडे सावधपणे पाहावे. वोल्फ यांचा पूर्ण भविष्यकाळ हा सावधपणा व्याकरणातच बसवतो. आठवण ही पुनर्रचना आहे, हे त्या वाचकाला वेगळे समजावून सांगत नाहीत. क्रियापदाच्या शेपटाला तो अंदाज लावून ठेवतात.

५. फुटणारे शब्द

त्या सकाळी बागेतली चेरीची झाडे एकदम बहरून आली आहेत. जर्मनमध्ये अशा बहराला 'स्फोट' हे क्रियापद सहज लावता येते. वर्षभरापूर्वी निवेदिकेने ते बिनदिक्कत वापरले असते. आज ती ते मनातही टाळते.

मराठी वाचकाला याचे स्पष्टीकरण लागत नाही, कारण 'फुटणे' या आपल्या क्रियापदातही हीच अडचण दडलेली आहे. पालवी फुटते, मोहर फुटतो, पान्हा फुटतो, आणि बॉम्बही फुटतो. रोजच्या बोलण्यात हे अर्थ एकमेकांना धक्का देत नाहीत. मोठी बातमी आली की देतात. एखाद्या दिवसानंतर 'आंब्याला मोहर फुटला' म्हणताना जीभ अडखळावी, ही बातमी घरात शिरल्याची खरी खूण आहे. ढगाचेही तसेच. कवितेतला पांढरा ढग आणि हवामानाच्या नकाशावर सरकणारा किरणोत्सर्गी ढग यांना एकच शब्द आहे, आणि तो पुन्हा निरागसपणे वापरता येईल का, हा प्रश्न निवेदिकेला छळतो.

हा भाग कादंबरीतला सर्वांत बलवान भाग आहे असे माझे मत आहे. इथे घर आणि बातमी शेजारी शेजारी ठेवलेली नाहीत, ती एकाच शब्दात राहायला आली आहेत.

६. पालक, दूध आणि अर्धायुकाल

बातमी घरात शिरण्याचे दुसरे दार म्हणजे स्वयंपाकघर. रेडिओवरचे तज्ज्ञ सांगत आहेत की पालेभाज्या खाऊ नका, मुलांना ताजे दूध देऊ नका. निवेदिका आपल्या मुलींना फोनवर नातवंडांबद्दल विचारते. जागतिक घटनेचा अर्थ 'आज मुलाला काय द्यायचे' या एका प्रश्नावर येऊन ठेपतो.

यामागचे विज्ञान थोडक्यात असे. अपघातातून बाहेर पडलेल्या पदार्थांत आयोडीन–१३१ आणि सीझियम–१३७ महत्त्वाचे होते. आयोडीन–१३१ चा अर्धायुकाल सुमारे ८ दिवस आहे. ते गवतावर पडते, गाय ते गवत खाते, दुधातून ते मुलांच्या पोटात जाते आणि गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत साठते. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत दूध हा सर्वांत काळजीचा विषय होता. सीझियम–१३७ चा अर्धायुकाल सुमारे ३० वर्षे आहे. ते जमिनीत राहते आणि पिकांत, कुरणांत, जंगलातल्या अळिंब्यांत उतरत राहते.

आता हे दोन आकडे घरच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून पाहा. ८ दिवस हा फ्रिजमधल्या पालकाच्या जुडीचा काळ आहे. ३० वर्षे हा मुलीचे लग्न होऊन तिची मुले शाळेत जाण्याचा काळ आहे. हिरोशिमापासून या पिढीने अणूबद्दल ऐकले होते, पण आजीच्या भाजीच्या वाफ्यापर्यंत तो पोचला नव्हता. वोल्फ सूत्रे देत नाहीत, पण घरातल्या बाईला एका सकाळीत ही दोन परिमाणे एकत्र सांभाळावी लागतात, हे त्या दाखवतात. बातमीचे वजन इथे कणभरही वाढवलेले नाही. भाजी ही भाजीच राहते, आणि म्हणूनच ती न खाण्याचा निर्णय भीतीदायक वाटतो.

७. भावाची शस्त्रक्रिया : रचनेची ताकद आणि तिची मर्यादा

एका विज्ञानाने दूरवर अणुभट्टी उद्ध्वस्त केली आहे. त्याच वेळी दुसरे विज्ञान भावाच्या कवटीत अचूक हाताने काम करते आहे. निवेदिका पहिल्याचा धिक्कार करू पाहते, पण दुसऱ्यावर तिचा सगळा जीव टांगलेला आहे. तंत्रज्ञान वाईट, असे म्हणून तिला सुटता येत नाही. कादंबरी भाबडी होण्यापासून वाचते ती या गुंत्यामुळे. तिने नुसते चेर्नोबिलवर लिहिले असते तर ते निषेधपत्र झाले असते; नुसते भावावर लिहिले असते तर एक चांगली कौटुंबिक कथा झाली असती.

पण ही समोरासमोरची मांडणी काही ठिकाणी फार नीटनेटकी वाटते, हेही सांगायला हवे. शस्त्रक्रिया यशस्वी झाली म्हणून तोल साधला गेला. ती फसली असती तर? त्या कादंबरीत घरचे दुःख बातमीएवढे मोठे झाले असते, आणि वाचकाला कुणाच्या बाजूला बसावे हे कळले नसते. मधे मानवी मेंदूची उत्क्रांती आणि भाषेचा उगम यांवरचे चिंतन येते. ते अभ्यासपूर्ण आहे, पण तेवढ्या वेळात घर नाहीसे होते. फोनजवळ बसलेली बहीण जाऊन तिथे व्याख्यात्या येतात. आपल्या कसोटीवर हे भाग कमी पडतात.

८. कामांची यादी : एक मतभेद

कादंबरीत एक गाजलेला भाग आहे. अमेरिकेतल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेत 'स्टार वॉर्स' या संरक्षण योजनेसाठी काम करणाऱ्या तरुण शास्त्रज्ञांबद्दल निवेदिकेने वाचले आहे. दिवसरात्र संशोधनात बुडालेली ही हुशार मुले. त्यांच्यासारखी माणसे कोणती कामे करत नसतील, याची ती यादी करते : बाळाचे लंगोट बदलणे, स्वयंपाक, खरेदी, धुणे, अशी रोजची घरकामे. सुचवलेला निष्कर्ष असा की घराशी नाळ तुटलेली माणसे जगाला धोका निर्माण करतात.

हा मुद्दा प्रभावी आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या वसतिगृहांत आपण ज्या एकाग्रतेचे कौतुक करतो, तिच्याकडे पाहायला तो भाग पाडतो. तरीही मला तो पुरेसा वाटत नाही. चेर्नोबिलच्या नियंत्रण कक्षात त्या रात्री असलेल्या लोकांतही बायकामुलांची माणसे होती. त्यांची घरे तीन किलोमीटरवरच्या प्रिप्यात शहरात होती. आपले घर शेजारी आहे हे त्यांना ठाऊक होते, आणि तरीही अपघात टळला नाही.

१९८६ च्या ऑगस्टमध्ये व्हिएन्नात सोव्हिएत तज्ज्ञांनी मुख्य दोष चालकांच्या चुकांना दिला होता. १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या सल्लागार गटाने तो निष्कर्ष सुधारला आणि अणुभट्टीच्या संरचनेतल्या दोषांवर अधिक भर दिला. पाण्याची वाफ वाढली की शक्ती वाढावी, हा त्या भट्टीचा गुणधर्म होता. भट्टी थांबवण्यासाठी आत सोडलेले नियंत्रक दांडे त्यांच्या ग्रॅफाइटच्या भागामुळे सुरुवातीच्या क्षणांत प्रतिक्रिया उलट वाढवू शकत होते. ही माहिती चालकांपर्यंत नीट पोचवलेली नव्हती. दोष संरचनेत होता, आणि तो बोलून न दाखवण्याच्या व्यवस्थेत होता. घरकाम करणारा माणूसही चुकीच्या संरचनेवर सही करू शकतो, जर 'मला शंका आहे' असे म्हणायला तिथे जागा नसेल.

वोल्फ यांनी व्यक्तीच्या जगण्याकडे बोट दाखवले. संस्थेच्या मौनाकडे, विशेषतः आपल्याच देशातल्या मौनाकडे, त्या तेवढ्या रोखून पाहत नाहीत. पूर्व जर्मनीत सरकारी माध्यमे अपघाताचे गांभीर्य कमी करून सांगत होती आणि लोक पश्चिमेकडच्या वाहिन्या पाहून अंदाज बांधत होते. त्या दिवसाचे घर रंगवताना हा तपशील अधिक ठळक व्हायला हवा होता.

९. हा दिवस कुणाचा?

शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. घर आणि बातमी 'शेजारी शेजारी' ठेवता येण्यासाठी दोघांमध्ये अंतर लागते. २६ एप्रिल १९८६ हा शनिवार होता. प्रिप्यातमध्ये त्या दिवशी मुले शाळेत गेली आणि लोक नेहमीसारखे बाजारहाट करत होते. जवळपास ४९ हजार लोकांना दुसऱ्या दिवशी दुपारी बसमध्ये बसवून हलवले गेले. त्यांचा शनिवार हा शेवटचा साधा दिवस होता. त्यांच्या बाबतीत 'बातमी ऐकताना आम्ही घरी काय करत होतो' ही गोष्टच संभवत नाही, कारण घर हीच बातमी झाली.

आपल्या देशात २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये हेच घडले. कीटकनाशकांच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला आणि झोपलेल्या वस्त्यांत शिरला. दुसऱ्या शहरांतल्या लोकांनी ते सकाळच्या रेडिओवर ऐकले, आणि त्यांच्यापाशी चहाचा कप व बातमी अशी जोडगोळी आज आहे. कारखान्याजवळच्या वस्तीतल्या कुटुंबांपाशी ती नाही.

स्वेतलाना अलेक्सिएविच यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चेर्नोबिलवरच्या पुस्तकात अशा आतल्या माणसांचे आवाज एकत्र केले. त्याची सुरुवात आग विझवायला गेलेल्या एका जवानाच्या पत्नीच्या कथनाने होते. तिथेही संसारच आहे, पण वाट पाहायला अंतर नाही. 'श्टोरफाल' आणि हे पुस्तक एकापाठोपाठ वाचावे असे मी सुचवेन. पहिले दूरच्या घराचे आहे आणि ते दूर असल्याचे नाटक करत नाही. निवेदिका आपल्याला बळी म्हणवून घेत नाही. तिची भीती खरी आहे, पण ती बागेत बसलेल्या माणसाची भीती आहे, हे तिला माहीत असते.

१०. निष्कर्ष

वोल्फ यांनी आणखी एक दीर्घ प्रयोग केला. १९३५ मध्ये माक्सिम गॉर्की यांनी जगभरच्या लेखकांना २७ सप्टेंबर या एका दिवसाचे वर्णन लिहिण्याचे आवाहन केले होते. १९६० मध्ये सोव्हिएत वृत्तपत्र 'इझ्वेस्तिया'ने ते पुन्हा केले. वोल्फ यांनी त्या वर्षी लिहायला सुरुवात केली आणि पुढे दरवर्षी २७ सप्टेंबरला लिहीतच राहिल्या. १९६० ते २००० पर्यंतच्या नोंदी २००३ मध्ये 'वर्षातला एक दिवस' अशा अर्थाच्या नावाने पुस्तकरूपात आल्या. पहिल्या नोंदीत धाकट्या मुलीचा दुसऱ्या दिवशी येणारा वाढदिवस आहे. तारीख आधीच ठरलेली असल्यामुळे दिवस बातमीने निवडलेला नाही. काही वर्षी जग दारात उभे असते, काही वर्षी नुसता स्वयंपाक असतो.

'श्टोरफाल'मध्ये दिवस बातमीने निवडला. या नोंदींत तो पंचांगाने निवडला. पहिल्या प्रकारात आठवणीचा झोत असतो आणि त्याबरोबर विकृतीचा धोका. दुसऱ्या प्रकारात झोत कमी, पण त्याच दिवशी किंवा लगेच नंतर लिहिल्यामुळे भरवसा अधिक. 'श्टोरफाल' हा भरवसा काळाच्या निवडीतून आणि शब्दांवरच्या संशयातून काही अंशी परत मिळवते, म्हणून ती आपल्या कसोटीला बहुतांशी उतरते. चिंतनाच्या लांब भागांत आणि कामांच्या यादीतल्या सरसकट निष्कर्षात ती घसरते.

पुढच्या वेळी अशी मोठी बातमी आली, तर त्याच रात्री एक पान लिहून ठेवा आणि त्यावर तारीख घाला. बातमीबद्दल फार लिहू नका, ती इतरत्र सापडेल. घरात कोण होते, काय शिजले होते, कुणी काय प्रश्न विचारला, तेवढे लिहा. काही वर्षांनी ते पान आणि तुमची आठवण यांची तुलना करता येईल.

स्वाध्याय

१. 'बिघाड', 'अपघात' आणि 'दुर्घटना' या शब्दांतला फरक तुमच्या शाखेतल्या एका उदाहरणाने स्पष्ट करा. तुमच्या मातृभाषेत यांसाठी कोणते शब्द आहेत?

२. २४ मार्च २०२० च्या रात्रीबद्दल घरातल्या दोन व्यक्तींकडून स्वतंत्रपणे लेखी उत्तरे घ्या. कोणते तपशील जुळत नाहीत आणि का, यावर २०० शब्द लिहा.

३. निवेदिकेच्या घरकामांच्या यादीशी तुम्ही सहमत आहात का? संरचनेतला दोष आणि व्यक्तीचा दोष यांतला फरक लक्षात घेऊन उत्तर द्या.

४. भावाची शस्त्रक्रिया फसली असती तर कादंबरीचा तोल कसा बदलला असता? आपली मूळ कसोटी वापरून चर्चा करा.